गो-वेंट-गॉन आणि स्पॅनिश ‘ईर’: ‘जाणे’चे काळ मराठीच्या आधाराने

मराठीत ‘जा’ या धातूचा भूतकाळ ‘जाला’ असा होत नाही, ‘गेला’ असा होतो. आपण हे इतक्या लहानपणी शिकलेलो असतो की त्यात काही वावगं आहे असं कधी वाटतही नाही. खरं तर ‘जातो’ आणि ‘गेलो’ ही दोन वेगवेगळ्या धातूंची रूपं आहेत. ‘जातो’ आलं संस्कृतातल्या ‘या’ धातूवरून (याति, प्राकृतात जाइ), तर ‘गेलो’ आलं ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपावरून. धातू दोन, पण बोलणाऱ्याच्या मनात क्रियापद एकच.

इंग्रजीतही अगदी असंच झालंय. ‘वेंट’ हे मुळात ‘गो’चं रूपच नव्हे. ‘वेंड’ नावाचं एक वेगळं क्रियापद होतं, अर्थ वळणे, वाट धरणे. सेंड-सेंट, बेंड-बेंट, स्पेंड-स्पेंट, तसं वेंड-वेंट. जुन्या इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ ‘एओदे’ असा काहीसा होता. तो हळूहळू मागे पडला आणि साधारण १५व्या शतकात त्याच्या जागी ‘वेंट’ येऊन बसलं. म्हणून ‘गोएड’ का नाही, हा शाळेतला प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर ‘जाला का नाही’ याच्या उत्तरासारखंच आहे.

स्पॅनिशने तर यावर कडी केली. तिथलं ‘ईर’ हे क्रियापद तीन लॅटिन क्रियापदांच्या जोडणीतून तयार झालंय. ‘ईर’ हे मूळ रूप, भविष्यकाळ आणि ‘ईबा’ हा अपूर्ण भूतकाळ ‘ईरे’कडून आला, वर्तमानकाळ ‘वादेरे’कडून, आणि साधा भूतकाळ चक्क ‘असणे’ या अर्थाच्या ‘एस्से’कडून. इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते: लॅटिन ‘ईरे’ आणि संस्कृतातला ‘इ’ धातू (एति, म्हणजे जातो) हे सख्खे नातेवाईक आहेत. ‘उदय’ आणि ‘प्रत्यय’ या शब्दांत तोच ‘इ’ दडलेला आहे. आणि आपल्या ‘गेला’मधला ‘गम्’ हा इंग्रजी ‘कम’चा नि स्पॅनिश ‘बेनीर’चा भाऊ. म्हणजे आपलं ‘जाणं’ हे मुळात त्यांच्या ‘येण्या’चं घराणं.

या तिन्ही भाषांत ‘जाणे’ हे असं जोडून केलेलं क्रियापद आहे. त्यामुळे रूपं पाठ करणं कुठल्याच भाषेत चुकत नाही. पण कोणत्या वेळी कोणतं रूप, हे मात्र पाठांतराने येत नाही, आणि तिथे मराठीची मदत इंग्रजी पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा जास्त होते. स्पॅनिश शिकणारा मराठी माणूस बहुतेक वेळा इंग्रजीतून लिहिलेलं पुस्तक वापरतो, आणि ‘आय वेंट’ बरोबर ‘फुई’ असं घोकतो. गडबड तिथूनच सुरू होते.

आधी रूपं

इंग्रजीत एकूण ५ रूपं: गो, गोज, वेंट, गॉन, गोइंग. बस्स. बाकी सगळं काम विल, हॅव, हॅड, वुड, युज्ड टू हे मदतनीस करतात. ‘गोज’मध्ये स्पेलिंगला नुसता एस नाही, ई आणि एस दोन्ही लागतात, कारण शब्द ओ या अक्षराने संपतो.

स्पॅनिशमध्ये पुरुषानुसार रूप बदलतं. मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते, असा आपला नेहमीचा क्रम धरा. खाली दिलेले उच्चार जवळपासचे आहेत. स्पॅनिशमध्ये व्ही या अक्षराचा उच्चार ब सारखा होतो, एच मुका असतो, आणि त, द हे आपल्यासारखेच दंत्य असतात, इंग्रजी ट, ड सारखे नाहीत. ‘फ’ मात्र खालचा ओठ वरच्या दातांना लावून म्हणायचा.

वर्तमानकाळ: बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान.
साधा भूतकाळ: फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन.
अपूर्ण भूतकाळ: ईबा, ईबास, ईबा, ईबामोस, ईबाइस, ईबान.
भविष्यकाळ: इरे, इरास, इरा, इरेमोस, इरेइस, इरान (जोर ‘इ’च्या पुढच्या अक्षरावर).
संकेतार्थ, म्हणजे ‘गेलो असतो/जाईन म्हणतो’ या जातीचा: इरीआ, इरीआस, इरीआ, इरीआमोस, इरीआइस, इरीआन.
‘जावं’ या अर्थाचा विध्यर्थ: बाया, बायास, बाया, बायामोस, बायाइस, बायान.
कृदन्तं: ईदो (गेलेला) आणि येंदो (जात).

पाचव्या जागेचं रूप (बाइस, फुइस्तेइस वगैरे) मुख्यतः स्पेनमध्ये वापरतात. लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही’साठी ‘उस्तेदेस’ म्हणून सहाव्या जागेचं रूप घेतात. कोणाशी बोलायचंय त्यावरून ठरवा. मेक्सिको किंवा अर्जेंटिनातल्या माणसांशी काम असेल तर पाचवं रूप सुरुवातीला ऐकून समजलं तरी पुरे, बोलायची घाई नको.

भूतकाळात अनियमित असणारी क्रियापदं स्पॅनिशमध्ये ढिगाने आहेत, पण अपूर्ण भूतकाळात ती फक्त ३ आहेत: असणे, पाहणे आणि हे आपलं जाणे. त्यामुळे ‘ईबा’ एकदा शिकलात की त्या काळाचा एक तृतीयांश अवघड भाग संपला. लिहिताना ‘ईबामोस’मधल्या ‘ई’वर तिरकी रेघ येते, बाकी ईबा-ईबासवर नाही. ‘फुई’ आणि ‘फुए’वरही रेघ नाही. १९५९च्या आधी छापलेल्या पुस्तकांत ती दिसते, कारण नियम नंतर बदलला. जुनं पुस्तक हाती आलं तर त्यावरून वही दुरुस्त करू नका.

‘गेलो’ की ‘जायचो’?

आता मुख्य मुद्दा. इंग्रजी ‘वेंट’ हा सैल शब्द आहे. ‘आय वेंट टू कोल्हापूर येस्टरडे’मध्येही वेंट, आणि ‘ॲज अ चाइल्ड आय वेंट टू कोल्हापूर एव्हरी समर’मध्येही वेंटच. इंग्रजी माणसाला इथे दोन वेगळ्या गोष्टी दिसत नाहीत. स्पॅनिशमध्ये मात्र पहिल्या वाक्यात ‘फुई’ आणि दुसऱ्यात ‘ईबा’ घ्यावंच लागतं. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे यावर महिनेच्या महिने अडकतात. पुस्तकं त्यांना ‘पूर्ण झालेली क्रिया’ आणि ‘चालू असलेली क्रिया’ असं समजावत राहतात, आणि कोल्हापूरला दर उन्हाळ्यात जाणं पूर्ण झालंय की नाही, हे कळणार तरी कसं?

आपल्याला कळतं. काल कोल्हापूरला ‘गेलो’. लहानपणी दर उन्हाळ्यात ‘जायचो’. इथे कोणताही मराठी माणूस चुकत नाही. तेव्हा कसोटी अगदी सोपी ठेवा: वाक्य मराठीत मनात म्हणून पाहा. ‘गेलो’ बसत असेल तर फुई. ‘जायचो’, ‘जात असे’, ‘जात होतो’ यांपैकी काहीही बसत असेल तर ईबा.

हे तिन्ही वेगळे धागे स्पॅनिश एकाच ‘ईबा’ने विणते, इंग्रजी मात्र वेगवेगळे ठेवते. ‘जायचो’ला युज्ड टू गो. लांबलचक आठवण सांगताना ‘जात असे’ला वुड गो. ‘जात होतो, तेवढ्यात’ असं असेल तर वॉज गोइंग. शेवटच्याचं उदाहरण: बाजारात जात होतो, तेवढ्यात पाऊस सुरू झाला. इंग्रजीत ‘आय वॉज गोइंग टू द मार्केट व्हेन इट स्टार्टेड टू रेन’. स्पॅनिशमध्ये ‘ईबा आल मेर्कादो क्वांदो एम्पेसो आ योबेर’. जाणं पसरलेलं आहे म्हणून ईबा, आणि पावसाने त्यात अचानक शिरकाव केला म्हणून तो साध्या भूतकाळात. मराठीतही नेमकं तसंच: ‘जात होतो’, पण ‘झाला’.

‘जाणार होतो’सुद्धा याच कुटुंबात येतं: ‘ईबा आ ईर’. जायचा बेत होता, पण राहून गेलं.

एका ठिकाणी मात्र ही कसोटी दगा देते, आणि ते आधीच सांगितलेलं बरं. ‘मी पाच वर्षं त्या शाळेत जात होतो’ हे मराठीत अगदी स्वाभाविक आहे. पण स्पॅनिश तिथे ‘फुई’ घेते: ‘फुई आ एसा एस्क्वेला दुरांते सिंको आन्योस’. कारण काळाला दोन्ही बाजूंनी कुंपण घातलंय, पाच वर्षं, त्याहून कमी नाही, जास्त नाही. मोजलेला अवधी किंवा मोजलेल्या खेपा दिसल्या की फुई. ‘तीनदा गेलो’ तेही फुई. ‘दर रविवारी जायचो’ यात खेपा मोजलेल्या नाहीत, म्हणून ईबा. वाक्यात आकडा आणि त्याला लागून ‘वर्षं’, ‘महिने’, ‘वेळा’ असं काही आलं की थांबून पाहायची सवय लावून घ्या.

‘गेलो होतो’ची मराठी सवय

इंग्रजी बोलताना मराठी माणूस ओळखू येतो तो इथे. ‘काल पुण्याला गेलो होतो’ याचं तो हमखास ‘आय हॅड गॉन टू पुणे येस्टरडे’ करतो. व्याकरणदृष्ट्या ‘हॅड गॉन’ म्हणजे ‘गेलो होतो’ हे बरोबरच आहे, पण अर्थ जुळत नाही. मराठीत ‘गेलो होतो’ म्हणजे गेलो आणि परत आलो, ती खेप संपली. नुसतं ‘काल पुण्याला गेलो’ म्हटलं तर ऐकणारा वाट बघतो, मग काय झालं?

इंग्रजी ‘हॅड गॉन’मध्ये परत येण्याचा काही संबंधच नाही. त्याला भूतकाळातली दुसरी एखादी घटना शेजारी लागते, जिच्या आधी हे जाणं घडलं. ‘तू आलास तेव्हा मी निघून गेलो होतो’, इथे हॅड गॉन चपखल बसतं: ‘व्हेन यू केम, आय हॅड गॉन’. ती दुसरी घटना नसेल तर साधं ‘आय वेंट टू पुणे येस्टरडे’. स्पॅनिशमध्येही नेमकं हेच: ‘आयेर फुई आ पुने’. ‘आबीआ ईदो’ तेव्हाच, जेव्हा शेजारी दुसरी भूतकाळी घटना असेल.

म्हणजे मनात ‘गेलो होतो’ आलं की स्वतःला विचारायचं: कशाच्या आधी? उत्तर असेल तर हॅड गॉन किंवा आबीआ ईदो. उत्तर नसेल तर वेंट किंवा फुई. ही एक सवय लागली की कार्यालयातल्या इंग्रजी ईमेलमधली बरीच चूक आपोआप सुटते.

दुसरी चूक नकारातली. ‘मी गेलो नाही’ या वाक्यात ‘गेलो’ जसंच्या तसं राहतं आणि पुढे ‘नाही’ जोडलं जातं. तीच सवय इंग्रजीत नेली की ‘आय डिड नॉट वेंट’ होतं. इंग्रजीत ‘डिड’ने भूतकाळ स्वतःकडे घेतलेला असतो, म्हणून पुढचं क्रियापद मूळ रूपात परत जातं: डिड नॉट गो. प्रश्नातही तसंच, डिड यू गो? स्पॅनिश इथे मराठीच्या बाजूने आहे. ‘नो फुई’ म्हणजे गेलो नाही. ‘फुइस्ते?’ म्हणजे गेलास? मदतनीस नाही, ‘मी-तू’ सांगायचीही गरज नाही, क्रियापदाच्या शेवटातच सगळं कळतं. स्पॅनिशमधला नकार आणि प्रश्न मराठी माणसाला पहिल्याच दिवशी जमतो तो यामुळे.

गेलाय की जाऊन आलाय?

मराठीत ‘बाबा दिल्लीला गेलेत’ आणि ‘बाबा दिल्लीला जाऊन आलेत’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात बाबा घरी नाहीत. दुसऱ्यात चहा घेत बसलेत. इंग्रजीत हाच फरक ‘हॅज गॉन’ आणि ‘हॅज बीन’ असा आहे. ‘गेलाय’ला गॉन, ‘जाऊन आलाय’ला बीन. म्हणून ‘आय हॅव गॉन टू गोवा मेनी टाइम्स’ हे इंग्रजी कानाला खटकतं. मेनी टाइम्स म्हटल्यावर जाऊन येणंच झालं, मग बीन हवं.

‘बीन’ हे असणे या क्रियापदाचं रूप आहे हे लक्षात घ्या, कारण स्पॅनिशमध्ये साधा भूतकाळ ‘फुई’ हाही असणे या क्रियापदाचाच आहे. ‘सेर’ म्हणजे असणे, त्याचा भूतकाळ आणि ‘ईर’चा भूतकाळ अक्षरन् अक्षर सारखा. जो तिथे होता, तो तिथे गेलेला असणारच, असा हा जुना अर्थविस्तार. (आणि हे ‘फुई’ आपल्या ‘भू’ धातूच्या कुळातलं आहे.) गोंधळ व्हायला हवा, पण होत नाही, कारण एक छोटासा ‘आ’ सगळं स्पष्ट करतो:

‘फुए मेदिको’ म्हणजे तो डॉक्टर होता.
‘फुए आल मेदिको’ म्हणजे तो डॉक्टरकडे गेला.

‘आल’ म्हणजे ‘आ’ अधिक ‘एल’. जाण्याच्या ‘फुए’नंतर जवळजवळ नेहमी ‘आ’ येतो, तो आपल्या ‘-ला/-कडे’सारखा. वाचताना आधी ‘आ’ शोधायचा.

मराठीत कर्मणि प्रयोगात ‘पूल बांधला गेला’ असं आपण म्हणतो. स्पॅनिशमध्ये ‘एल पुएंते फुए कोन्स्त्रुईदो’. ‘गेला’च्या जागी ‘फुए’. इथला फुए असणे या क्रियापदाचा आहे आणि आपला ‘गेला’ जाण्याचा, दोन्ही वाटा वेगळ्या. पण लक्षात ठेवायला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

‘आत्तापर्यंत जाऊन आलोय’ यासाठी स्पॅनिशमध्ये ‘ए ईदो’ चालतं, आणि बीन-गॉन असा कडक भेद तिथे नाही. ‘आ ईदो आल मेर्कादो’ (इथला पहिला ‘आ’ म्हणजे ‘हॅज’सारखा मदतनीस, वरचा ‘-ला/-कडे’वाला नव्हे) म्हणजे संदर्भानुसार बाजारात गेलाय किंवा जाऊन आलाय. एक गोष्ट मात्र जपा. स्पेनच्या बहुतेक भागांत आज, या आठवड्यात, या वर्षी घडलेल्या गोष्टीला ‘ए ईदो’ म्हणतात आणि काल, गेल्या आठवड्यात असेल तर ‘फुई’. लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत आजच्यालाही सरळ ‘फुई’ म्हणतात. दोन्ही बरोबर. एकाच संभाषणात दोन्हींची खिचडी मात्र करू नका.

आणखी एक. ‘आ ईदो’मधलं ‘ईदो’ बदलत नाही. मराठीत गेला, गेली, गेलं असं लिंग दिसतं, म्हणून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची जीभ बाईबद्दल बोलताना ‘आ ईदा’कडे वळते. तो, ती, ते, सगळ्यांसाठी ‘आ ईदो’. ‘फुए’लाही लिंग नाही.

पुढचं: जाईन, जाणार, जावंस

भविष्यकाळात तिन्ही भाषा हातात हात घालून चालतात. ‘जाईन’ला विल गो आणि इरे. ‘जाणार आहे’ला गोइंग टू गो आणि बोय आ ईर. बोलताना स्पॅनिश माणूस ‘बोय आ ईर’कडे, त्याहूनही नुसत्या ‘बोय’कडे जास्त झुकतो: ‘मान्याना बोय आ नाशिक’, उद्या नाशिकला जातोय. मराठीसारखंच. ‘आत्ता जातोय’ यालाही बोयच पुरतं, ‘एस्तोय येंदो’ क्वचित लागतं. इंग्रजीत मात्र ‘आय गो’ आणि ‘आय ॲम गोइंग’ हा भेद पाळा: सवय असेल तर गो, आत्ताची किंवा हल्लीची गोष्ट असेल तर गोइंग.

‘गेलो की’, ‘जाईन तेव्हा’ असं आलं की सावध व्हा. ‘माद्रिदला जाईन तेव्हा फोन करीन’ याचं ‘व्हेन आय विल गो टू माद्रिद’ असं करू नका. इंग्रजीत ‘व्हेन आय गो’. स्पॅनिशमध्ये तर ‘इरे’ही चालत नाही, तिथे विध्यर्थ येतो: ‘क्वांदो बाया आ माद्रिद, ते यामो’. अजून न घडलेल्या गोष्टीचं ‘तेव्हा’ म्हणजे बाया, हे घट्ट धरून ठेवा. इच्छा दुसऱ्याबद्दल असेल तिथेही तेच: तू जावंस असं मला वाटतं, ‘किएरो के बायास’. मराठीतला ‘जावंस’ आणि स्पॅनिशचा ‘बायास’ एकमेकांना छान ओळखतात. नकारार्थी आज्ञा, ‘जाऊ नकोस’, तीही याच रूपात: ‘नो बायास’. होकारार्थी ‘जा’ मात्र ‘बे’. स्पेनमध्ये अनेकांना ‘निघा’ म्हणताना लोक सर्रास ‘ईरोस’ म्हणत, पुस्तकी रूप ‘ईदोस’ होतं. स्पॅनिश भाषेच्या अकादमीने २०१७मध्ये ‘ईरोस’लाही मान्यता दिली. म्हणजे अनियमितपणा अजून संपलेला नाही.

‘तू गेला असतास, तर मीही गेलो असतो’ हे वाक्य मराठीत दोन्ही बाजूंना सारखं आहे. म्हणून इंग्रजीत दोन्हीकडे वुड हॅव घातला जातो, आणि चूक होते. ‘इफ’च्या बाजूला हॅड गॉन, दुसऱ्या बाजूला वुड हॅव गॉन: ‘इफ यू हॅड गॉन, आय वुड हॅव गॉन टू’. स्पॅनिशमध्ये ‘सी उबिएरास ईदो, यो ताम्बिएन आब्रीआ ईदो’. दुसऱ्या बाजूला ‘उबिएरा ईदो’ म्हटलं तरी स्पॅनिशला चालतं, तेव्हा दोन्ही बाजू मराठीसारख्या जुळतात. पण ‘सी’नंतर (म्हणजे ‘जर’च्या बाजूला) ‘आब्रीआ’ कधीच नको.

सराव कसा करायचा

एकच वाक्य घ्या आणि त्याला रोज, आत्ता, काल अशा ६ वेगवेगळ्या वेळा जोडा. रोज १० मिनिटं, मोठ्याने. तिन्ही भाषांत एकामागून एक, आणि मराठी आधी, कारण निवड तिथेच होते.

रोज बाजारात जातो. आय गो टू द मार्केट एव्हरी डे. बोय आल मेर्कादो तोदोस लोस दीआस.
आत्ता बाजारात जातोय. आय ॲम गोइंग टू द मार्केट नाऊ. आओरा बोय आल मेर्कादो.
काल बाजारात गेलो. आय वेंट टू द मार्केट येस्टरडे. आयेर फुई आल मेर्कादो.
लहानपणी बाजारात जायचो. आय युज्ड टू गो टू द मार्केट ॲज अ चाइल्ड. दे नीन्यो ईबा आल मेर्कादो.
आज दोनदा बाजारात जाऊन आलोय. आय हॅव बीन टू द मार्केट ट्वाइस टुडे. ओय ए ईदो दोस बेसेस आल मेर्कादो.
उद्या बाजारात जाणार आहे. आय ॲम गोइंग टू गो टू द मार्केट टुमॉरो. मान्याना बोय आ ईर आल मेर्कादो.

मुलगी असेल तर चौथ्या वाक्यात ‘दे नीन्या’ म्हणायचं. पहिले ४ दिवस फक्त ‘मी’. मग ४ दिवस ‘ती’, मग ४ दिवस ‘आम्ही’. त्यानंतरच नकार आणि प्रश्न. सगळे पुरुष एकदम घेतले की तक्ता पाठ होतो, पण बोलताना जीभ अडते, कारण मेंदू आधी तक्त्यातली ओळ शोधायला जातो. ‘बाजार’ कंटाळवाणा झाला की ‘घरी’ घ्या, आणि लगेच एक गोष्ट पक्की करा: इंग्रजीत ‘गो होम’, मध्ये टू नाही, ‘गो देअर’मध्येही नाही. स्पॅनिशमध्ये मात्र ‘बोय आ कासा’, तो ‘आ’ सोडायचा नाही. आणि ‘विसरून गेलो’, ‘थकून गेलो’मधल्या ‘गेलो’चं इंग्रजी-स्पॅनिश करायला जाऊ नका. ते क्रिया पूर्ण झाली असं सांगणारं नुसतं शेपूट आहे. ‘आय फरगॉट’ एवढंच पुरे.

शेवटी जाणं-येणं यांच्यातल्या फरकाचं. कोणी हाक मारली की आपण ‘आलो!’ म्हणतो, इंग्रजीत ‘कमिंग’. स्पॅनिश माणूस ‘या बोय’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘जातोच’. बोलणारा स्वतः जिथे नाही तिथे जाणं हे स्पॅनिशमध्ये ‘ईर’च. ‘संध्याकाळी तुझ्याकडे येतो’ यालाही ‘बोय आ तु कासा’, ‘बेंगो’ (येतो) नाही. आणि निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणणं टाळून ‘येतो’ म्हणतो, तसा विधिनिषेध तिथे नाही. दारात उभं राहून ‘मे बोय’ म्हटलं की झालं, त्यात काही अशुभ नाही.